डावीकडची जागा

कुंदाताई पोंक्षे यांच्याबरोबर रस्त्याने चालायचं तर एक नियम होता. त्यांच्या डावीकडे जायचं नाही. ती जागा मंदाताईंची. मंदाताई दोन दुकानं पुढे गेलेल्या असोत की गुडघा दुखतो म्हणून घरी बसलेल्या असोत, ती जागा त्यांचीच. मी लग्न होऊन डोंबिवलीत राहायला आले तेव्हा मला हे कोण सांगणार? शेजारच्या बाई भाजीला निघाल्या आहेत असं बघून मी आपली सहज त्यांच्या डावीकडून चालायला लागले, तर त्या दचकल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, या बाजूने ये. तिकडून मला तू दिसत नाहीस." मग काही घडलंच नसल्यासारखं त्यांनी मला दोडक्याचा भाव विचारला.

त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. जाड भिंगाच्या चष्म्यामुळे बघणाऱ्याला ते पटकन कळत नसे. बोलताना त्या मान किंचित डावीकडे वळवून समोरच्याला उजव्या डोळ्यात घ्यायच्या, आणि अनोळखी माणसाला वाटायचं, बाई काय लक्ष देऊन ऐकतायत! एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे टेबलावर कप ठेवताना आधी करंगळी टेकवायची, मग कप. जिना उतरताना पहिली पायरी चपलेने चाचपायची. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात विज्ञान शिकवलं. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं शुक्राचार्य. त्यांना ते ठाऊक होतं. "शुक्र तर शुक्र," त्या म्हणायच्या, "सगळ्यात तेजस्वी ग्रह आहे. शनी म्हणाले असते तर मी काय करणार होते?"

मंदाताई थोरल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, उंच, जाडजूड, आणि आवाज असा की वरून हाक मारली तर खाली वॉचमन उठून उभा राहायचा. दूधवाला, केबलवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे त्यांना वचकून असत. घरात काय शिजणार, पंखा कितीवर फिरणार, कुंदाताई कुठली साडी नेसणार, सगळं त्या ठरवायच्या. दोघींनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे काकू म्हणायची सोय नव्हती. अख्खी इमारत त्यांना ताईच म्हणायची. आणि अख्ख्या इमारतीचं एकमत होतं की थोरली आहे म्हणून धाकटीचं चाललंय. मीही एकदा तसं बोलून गेले. म्हटलं, "कुंदाताई, मंदाताई म्हणजे तुमचा सूर्यच हो. तुम्ही आपल्या त्यांच्याभोवती फिरताय."

"अर्धवट बोलू नकोस," त्या म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या, पण वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. "सूर्यही फिरतो. सूर्य पृथ्वीला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने पृथ्वी सूर्याला ओढते. अगदी तेवढ्याच. तो जड आहे म्हणून त्याचं हलणं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही. गॅसच्या वासाबद्दल, पोटातल्या दुखण्याबद्दल, ढगाआडच्या चंद्राबद्दल, कशाबद्दलही त्या ते म्हणायच्या. फक्त सेक्रेटरीच्या अकलेबद्दल कधी म्हणाल्या नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या हॉलमध्ये नववी-दहावीचा क्लास सुरू केला. डोंबिवलीत क्लासला तोटा नाही, पण यांच्या क्लासमध्ये नोट्स मिळत नसत, त्यामुळे मार्कांच्या मागे लागलेले पालक तिकडे फिरकत नसत. गुरुत्वाकर्षण शिकवताना सफरचंद चालायचं नाही. "आपल्याकडे झाडावरून काय पडतं? फणस. तर फणस पडतो तेव्हा पृथ्वी फणसाला ओढते आणि फणस पृथ्वीला. पृथ्वीही त्याच्याकडे जाते. केसाच्या लाखाव्या भागाहून कमी, पण जाते." आतून मंदाताईंचा आवाज यायचा, "आणि तो चिरायला कोण बसतं? ताई बसते. तेही शिकव त्यांना." पोरं हसायची. कुंदाताई हसायच्या नाहीत. बाहेरच्या बोलण्याने वर्गाचं लक्ष जातं यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर कुंदाताई पिठाच्या चाळणीतून पांढरी रांगोळी जमिनीवर चाळत होत्या. एवढी मोठी फरशी पांढरी करून सोडली होती. भोवती क्लासची पोरं उभी. त्यांनी माझ्या मुलीला, ऋताला, पुढे बोलावलं, ही पाप्याचं पितर, आणि तिच्यासमोर उभा केला केदार, तळमजल्यावरचा, चांगला दणकट. म्हणाल्या, "फुगडी घाला."

केदार लाल झाला. "बाई, फुगडी मुली घालतात ना."

"चंद्राला कोणी विचारलं होतं का, तू मुलगा की मुलगी? घाल."

दोघांनी हात धरले, मागे झुकले आणि गिरक्या घ्यायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थांबल्यावर केदार धापा टाकत म्हणाला, "बाई, मी तर जागेवरच होतो. हीच गरागरा फिरलेली."

"खाली बघ," कुंदाताई म्हणाल्या.

रांगोळीत ऋताच्या पावलांचं मोठं वर्तुळ उमटलं होतं आणि त्याच्या आत केदारच्या पावलांचं लहान. लहान होतं, पण वर्तुळच होतं. पोरं वाकून बघत राहिली, मीही बादली खाली ठेवून बघत राहिले. "जागेवर कोणीच नसतं," कुंदाताई म्हणाल्या. "दोघांच्या मधे एक बिंदू असतो, जडाच्या जवळचा. दोघंही त्याच्याभोवती फिरतात. आकाशात असे तारे सापडलेत की ते एकटेच दिसतात आणि सारखे डुलत असतात. जोडीदार दिसत नाही. पण डुलण्यावरून कळतं, शेजारी कोणीतरी आहे."

ऋताने विचारलं, "आणि बाई, हात सुटला तर?"

कुंदाताईंचं बोट चष्म्याच्या डाव्या काचेकडे गेलं. "तर सरळ," त्या म्हणाल्या. "त्या क्षणी जिकडे चालला होतात तिकडे, सरळ रेषेत."

"म्हणजे सूर्य गायब झाला तर पृथ्वीपण सरळ जाईल?"

"जाईल. पण लगेच नाही. ओढ संपली हे कळायलाही वेळ लागतो, प्रकाशाला लागतो तेवढाच. आठ मिनिटं. तोवर पृथ्वी आपली नसलेल्या सूर्याभोवती वळत राहील."

जिन्याच्या दारात मंदाताई येऊन उभ्या होत्या. लिफ्ट गच्चीपर्यंत नव्हती, आणि पायऱ्या चढून त्या कधी वर यायच्या नाहीत. त्यांनी रांगोळीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुंदे, हा खेळ पोरांना शिकवू नकोस." आणि खाली निघून गेल्या.

त्याचं कारण मला पुढे कळलं. इमारतीच्या आवारात पिंपळाशेजारी एक सिमेंटचा बाक आहे. गुडघ्यांना आराम म्हणून मंदाताई दुपारी पडायच्या तेव्हा कुंदाताई कधी कधी खाली येऊन बसत, बाकाच्या उजव्या टोकाला. तिथे त्यांनी मला सांगितलं. दोघी बहिणी वाढल्या कल्याणला, पारनाक्याजवळ. शेजारी कोणाची तरी मंगळागौर होती. मंदाताई परकर-पोलक्यातली थोराड मुलगी, कुंदाताई चिमुरड्या. थोरलीने धाकटीशी फुगडी धरली. धाकटी इतकी हलकी की तिचे पाय जमिनीवरून सुटायला लागले. आणि हात सुटले. कुंदाताई सरळ गेल्या, लोखंडी कपाटाच्या मुठीवर. डोळा तिथे गेला.

"ताई म्हणते, घामाने निसटला," कुंदाताई म्हणाल्या. "मला मात्र आठवतं की तिने बोटं उघडली. पण मी लहान होते, मला आठवतं ते खरं कशावरून?"

हे भांडण त्यांच्यात जन्मभर चाललं होतं. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे. चहात साखर कमी झाली किंवा पेपर आधी कोणी घ्यायचा यावरून काही झालं की कुंदाताई म्हणायच्या, "तू तर सोडणारीच." आणि मंदाताई म्हणायच्या, "घाम आला होता." एवढ्यावर विषय संपायचा. बाहेरच्याला त्यात काही कळायचं नाही.

पण कुंदाताईंना खरं खात होतं ते वेगळंच. मंदाताईंना एक स्थळ आलं होतं, कल्याणमधलंच, चांगलं. बोलणी करायला आलेल्या मंडळींनी अट घातली की धाकटीचा भार पुढे आमच्यावर यायला नको. कुंदाताई दाराआड उभ्या होत्या. मंदाताईंनी रिकामे कप उचलले, ट्रेमध्ये ठेवले आणि आत गेल्या. त्या परत बाहेर आल्याच नाहीत. पुढे त्यांना बढती मिळाली, नागपूरला. तीही नाकारली. "मला एवढंच कळायला हवंय," कुंदाताई म्हणाल्या, "ती माझ्याजवळ राहिली ती तिला राहावंसं वाटलं म्हणून, की माझा डोळा फेडत बसली? ओढ असेल तर मी काही तिचं नुकसान केलं नाही. पण फेड असेल तर मी तिचं आयुष्य खाल्लं."

"मग विचारा ना त्यांना," मी म्हटलं.

"ताईला असं कोणी काही विचारतं का?"

ते खरंच होतं. मंदाताईंना काही विचारण्यापेक्षा विजेच्या कंपनीशी पत्रव्यवहार करणं सोपं होतं.

कुंदाताई फक्त एकदाच ताईला सोडून गावाला गेलेल्या मला आठवतात. सूर्यग्रहण होतं, आणि जुन्या शाळेची सहल गुजरातेत जाणार होती. त्यांना बोलावणं आलं. मंदाताई म्हणाल्या, "एका डोळ्याने काय बघणार आहेस तू?" तर ह्या म्हणाल्या, "दुर्बिणीला एकच डोळा लागतो." आणि गेल्या. ग्रहणाच्या दिवशी आभाळ भरून आलं, काही दिसलं नाही. परत आल्यावर तेही त्यांनी तसंच सांगितलं. "दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नाही. अंधार पडला ना!"

त्या सहलीच्या दिवसांत मंदाताई रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायच्या. आल्या की सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायच्या, टीव्हीकडे बघायच्या, आणि बोलायच्या काहीच नाहीत. एवढ्या बोलक्या बाई! एकदा आमचे हे त्यांच्या उजवीकडे बसायला गेले तर म्हणाल्या, "तिथे नको, तुम्ही खुर्ची घ्या." ह्यांना राग आला. घर आमचं, सोफा आमचा. मी डोळ्याने गप्प बसवलं. उठताना त्या दारात म्हणाल्या, "वैशाली, घरात कुठे उभं राहावं तेच कळत नाही गं मला." मी त्यांना डब्यात कढी दिली.

मग मंदाताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. हॉलमध्ये मधोमध खाट आली. क्लास बंद झाला. सगळी इमारत म्हणायला लागली, आता धाकटीचं कसं होणार. मला त्या बोलण्याचा फार राग यायचा, कारण धाकटी सगळं करत होती. चमच्याने भरवत होती, पाठ पुसत होती, औषधाच्या बाटल्या करंगळीने चाचपून नीट लावून ठेवत होती. फक्त एक जमत नव्हतं. एवढ्या जड बाईला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवणं.

कळव्याहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायचा, हसतमुख. तो कुंदाताईंना म्हणाला, "आजी, उचलायचं नाहीच. टेन्शन नाही घ्यायचं. समोर उभ्या राहा, दोघींनी एकमेकींची मनगटं पकडा, आणि तुम्ही बिनधास्त मागे झुका. तुमच्या वजनाने त्या आपोआप वर येतील." मी तेव्हा तिथेच होते, ऑफिसला जाण्याआधी दूध ठेवायला गेलेले.

मंदाताईंनी मान हलवली. नको. जड जिभेने दोन-तीनदा म्हणाल्या, "हे नको." मुलाला वाटलं, पडायला घाबरतायत. तो समजावत राहिला. कुंदाताईंना मात्र कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. कुंदाताई पुढे झाल्या, ताईचं लुळं मनगट आणि धडधाकट मनगट दोन्ही धरली, म्हणाल्या, "ताई, घाम आला तर आला." आणि मागे झुकल्या. पाठीमागे नुसती मोकळी हवा, एक डोळा नाही, आणि ती काटकुळी बाई बेलाशक मागे झुकली. मंदाताई वर आल्या. दोघी एकमेकींना तोलून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "एक नंबर!" मी तिथून निघाले ते लिफ्टमध्ये रडले.

पुढे ते रोजचं झालं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि एका दुपारी बाकावर बसून कुंदाताई मला म्हणाल्या, "आज विचारलं तिला."

"काय?"

"उभी होती. हात माझ्या हातात होते. पळून जायची सोय नव्हती तिला. वाईटपणाच केला मी." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "विचारलं, ताई, तेव्हा हात निसटला की तू सोडलास? खूप वेळ बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, सोडला. म्हटलं, का गं? म्हणाली, पलीकडे पोरी झिम्मा खेळत होत्या. मला तिकडे जायचं होतं आणि तू थांबतच नव्हतीस."

वर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"एवढंच कारण," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं घाम आला म्हणत राहिली. मला राग नाही आला बघ. मी लगेच दुसरं विचारलं. म्हटलं, म्हणून राहिलीस का माझ्याजवळ?"

"मग?"

"म्हणाली, बसव मला. पाय थरथरतायत."

दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही. थोड्याच दिवसांत एका सकाळी कुंदाताई आत चहा टाकत असताना मंदाताई गेल्या. कुंदाताई दोन कप घेऊन बाहेर आल्या, करंगळी टेकवून दोन्ही कप तिपाईवर ठेवले आणि मग त्यांना कळलं. त्यांनी मला हाक मारली ती इतकी साधी होती की मला वाटलं, दूध नासलं असेल.

नाशिकहून भाचा आला, शिरीष, आणि त्याची बायको शिल्पा. दोघंही भली माणसं. खाट त्यांनी त्याच दिवशी बाहेर काढली, आणि जिथे मंदाताईंचं डोकं असायचं तिथे दिवा लावला. शिल्पाच्या माहेरी दिव्याभोवती पीठ पसरायची पद्धत होती. सकाळी त्यात पाऊल उमटलेलं असतं, आणि गेलेल्या माणसाला कुठला जन्म मिळाला ते त्यावरून कळतं, असं. वर टोपली झाकतात, पण फ्लॅटमध्ये टोपली कुठली? तिने पीठ तसंच उघडं ठेवलं. कुंदाताई नको म्हणाल्या नाहीत. आयुष्यभर विज्ञान शिकवलेली बाई, पण त्या दिवसांत त्या कशालाच नको म्हणत नव्हत्या.

सकाळी शिल्पा धावत मला बोलवायला आली. डोळ्यांत पाणी. "वैशालीताई, पाऊल उमटलंय! माणसाचं! आत्यांना माणसाचाच जन्म मिळाला." मी गेले. पिठात खरंच एक पाऊल होतं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत स्वच्छ. शिरीष हात जोडून उभा होता. पण पाऊल लहान होतं. मंदाताईंची चप्पल पुरुषांच्या दुकानातून आणावी लागायची.

कुंदाताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "ते माझं आहे."

"असं कसं, आत्या..."

"पहाटे पाणी प्यायला उठले होते. डावीकडचं मला दिसत नाही." त्या पुढे आल्या, पाऊल त्या पावलाशेजारी ठेवून दाखवलं, आणि पायाला लागलेलं पीठ झटकत म्हणाल्या, "तुझं पीठ वाया गेलं गं. मला माफ कर."

शिल्पा रडायला लागली. मला तिचीही दया आली आणि यांचीही. सगळे आत गेल्यावर मी एकटीच तिथे बघत राहिले. बेडरूमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आता सरळ वाट मोकळी होती. मधे काहीच नव्हतं. तरी ते पाऊल दिव्याच्या बरंच पलीकडे, पिठाच्या अगदी कडेला उमटलं होतं. कुंदाताई त्या काढून टाकलेल्या खाटेला वळसा घालून गेल्या होत्या.

तेराव्यानंतर मी त्यांना विचारलं, "कशा आहात?" माणसं विचारतात तसं, मूर्खासारखं. त्या म्हणाल्या, "आठ मिनिटं चालू आहेत अजून."

आम्ही बाकावर बसलो होतो. मी त्यांच्या उजवीकडे दाटीवाटीने, कारण त्या उजव्या टोकाला सरकूनच बसल्या होत्या आणि डावीकडे अर्धा बाक रिकामा. ते बघून मला एकदम सोफा आठवला. मी त्यांना ग्रहणाच्या सहलीच्या वेळचं सगळं सांगितलं. मंदाताई रोज येऊन बसायच्या ते, घरात कुठे उभं राहावं कळत नाही म्हणाल्या ते, आणि सोफ्यावर उजवीकडे कोणाला बसू द्यायच्या नाहीत ते.

कुंदाताईंनी मान पूर्ण वळवून मला उजव्या डोळ्यात घेतलं. "उजवीकडे? बघणाऱ्याच्या उजवीकडे की बसणाऱ्याच्या?"

"बसणाऱ्याच्या."

"म्हणजे माझ्या बाजूला."

"हो."

त्यांनी डावीकडच्या रिकाम्या बाकावर हात फिरवला. मग म्हणाल्या, "एका निरीक्षणावरून काही ठरत नाही." आणि उठून वर गेल्या. मला वाटलं, उगाच बोललो आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारावरची बेल वाजली. मी पोळ्या लाटत होते. कुंदाताई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. "तू काल म्हणालीस, रोज येऊन बसायची. रोज त्याच टोकाला?"

"रोज. एकदाही बदललं नाही."

"मग ते एक निरीक्षण नाही झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. "हलली होती म्हणजे ती." आणि मग, मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, त्या माझ्यासमोर रडल्या. मी पिठाच्या हातांनीच त्यांना धरलं.

मला वाटलं होतं, आता या इथे राहतील. पण एका डोळ्याने, एकटीने, त्या घरात राहणं शिरीषला धोक्याचं वाटत होतं आणि त्याचं चुकत नव्हतं. नाशिकला यायला त्या तयार होईनात. शेवटी शीळफाट्याच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. जायच्या सकाळी शिरीष सामानाचा टेम्पो घेऊन पुढे गेला. मी म्हटलं, मी रजा टाकते, सोडायला येते. "नको," त्या म्हणाल्या. "सोडायला कोणी आलं की मागे वळून बघावं लागतं. मला रिक्षा बघून दे."

मी नाक्यावरून रिक्षा आणली. रिक्षावाला पोरगा इथल्याच गावातला होता, लांबचं भाडं मिळालं म्हणून खुशीत. कुंदाताईंनी चपलेने पायरी चाचपली, आत चढल्या आणि सरकत सरकत पार उजव्या कडेला जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मला म्हणाल्या, "ऋताला सांग, अभ्यास कर म्हणावं." ऋता आता पुण्यात नोकरी करते, त्यांना ते माहीत होतं. मी हो म्हटलं.

रिक्षा निघेना. पोरगा हँडलवर हात ठेवून आरामात बसून राहिला होता, इमारतीच्या दाराकडे बघत. मला कळेना, थांबलाय कशाला. मग त्याने मागे वळून विचारलं, "आजी, दुसऱ्या कोन येतायत ना अजून?"

कुंदाताईंनी मान वळवली, पूर्ण डावीकडे, रिकाम्या जागेवर उजवा डोळा येईपर्यंत. थोडा वेळ तिथे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चल."

रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. मागच्या लहानशा काचेतून त्यांची पांढरी वेणी दिसत होती, एका कडेला. त्या मधे सरकल्या नव्हत्या.